आठवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि जर्मनीतली शाळा

इंदूरच्या राजेंद्रनगरमधील एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचे यजमान पिथमपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहेत. कंपनी त्यांना तीन वर्षांसाठी श्टुटगार्टला पाठवत आहे आणि ही मुदत वाढण्याचीही शक्यता आहे. मुलगा सीबीएसईच्या शाळेत आठवीत आहे, तर मुलगी तिसरीत. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवून इथेच त्याची बारावी होऊ द्यावी आणि मुलीला बरोबर न्यावे, कारण लहान मुले भाषा चटकन उचलतात. आईचे प्रश्न दोन आहेत: दोन्ही देशांच्या माध्यमिक शिक्षणातले कोणते सरस, आणि मुलाचे काय करावे.

मी इंदूरमध्ये बरीच वर्षे अकरावी-बारावीला गणित शिकवले. त्यानंतर श्टुटगार्टजवळच्या एका सरकारी शाळेत, परदेशातून आलेल्या मुलांच्या वर्गावर साहाय्यक शिक्षिका म्हणून काम केले. आता इंदूरला परतल्यावर अशा कुटुंबांशी माझे नेहमी बोलणे होते. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची कारणे वाचताना ते तुमच्यासमोर राहील. मुलाला बरोबर न्यावे, आणि नववीचा अभ्यास अंगावर येण्याआधी न्यावे. शाळेविषयी अधिक विचार खरे तर मुलीच्या बाबतीत करावा लागणार आहे.

कोणती पद्धत सरस, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, पण दोन्ही पद्धतींमधला मूळ फरक मात्र नेमका सांगता येतो. प्रत्येक देश आपल्या मुलांची कधीतरी वर्गवारी करतो. कोण विद्यापीठात जाईल, कोण हातातले कौशल्य शिकेल, कोण डॉक्टर होईल, हे कुठल्या तरी टप्प्यावर ठरते. आपल्याकडे ही वर्गवारी उशिरा होते आणि ती जवळजवळ पूर्णपणे एका परीक्षेच्या काही तासांवर अवलंबून असते. जर्मनीत ती फार लवकर, दहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, पण रोजच्या वर्गातल्या कामावर होते आणि पुढे बदलता येते. बाकीचे बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

आपली बाजू तुम्हाला परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगते. दहावीपर्यंत सगळी मुले एकाच अभ्यासक्रमातून जातात. सीबीएसईत दहावीच्या प्रत्येक मुख्य विषयाला 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, आणि व्यवहारात हे 20 गुण बहुतेकांना सढळ हाताने मिळतात. 2026 पासून दहावीला वर्षात दोन संधी देण्याची व्यवस्था आली आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र मुलांच्या डोक्यावरचा खरा भार बोर्डाचा राहिलेलाच नाही. तो जेईई आणि नीटचा आहे. नीटला 180 प्रश्न, 720 गुण आणि तीन तास असतात, आणि 2025 मध्ये या परीक्षेला 22 लाखांहून अधिक मुले बसली होती. भंवरकुआँच्या चौकात संध्याकाळी पाठीवर दप्तरे लावून जाणारी मुले पाहिली, की आपली खरी माध्यमिक शाळा कुठे भरते हे कळते. कित्येक मुलांचे नाव एका शाळेच्या हजेरीपटावर असते आणि शिक्षण कोचिंगमध्ये होते. शाळा ही नावापुरती उरते. मी स्वतः अकरावीच्या वर्गात पटावर भरपूर नावे आणि समोर रिकामी बाके अशी वर्षे काढली आहेत, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. भौतिकशास्त्राचे 30 गुणांचे प्रात्यक्षिक हे मुलाने स्वतःच्या हाताने तार जोडून, मोजून, चुकून शिकण्यासाठी असते. ज्या मुलाने प्रयोगशाळा फक्त परीक्षेच्या दिवशी पाहिली, त्याला त्यातून काहीच मिळत नाही.

आता तिकडची बाजू. सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे, की जर्मनीचे असे एकच शिक्षण नाही. तिथे 16 राज्ये आहेत आणि शाळा हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. राज्यांमध्ये ताळमेळ राहावा म्हणून शिक्षणमंत्र्यांची परिषद 1948 पासून काम करते, तरीही म्यूनिकला गेलेल्या ओळखीच्या कुटुंबाचा अनुभव श्टुटगार्टला जसाच्या तसा लागू पडत नाही. म्यूनिक ज्या बव्हेरिया राज्यात आहे तिथे चौथीत जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल, तर मुलाला गिम्नाझियुमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची पात्रता मिळते. 2.66 पर्यंत असेल तर रेआलशूलेची, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या पातळीच्या शाळेची मिळते. तिथे 1 ही सर्वोत्तम श्रेणी आणि 6 ही सर्वांत खालची, त्यामुळे आकडा जितका लहान तितके चांगले. श्टुटगार्ट हे बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात आहे. तिथे 2012 पासून शाळेची शिफारस पालकांवर बंधनकारक नव्हती, पण अलीकडे नियम पुन्हा कडक झाले आहेत. आता चौथीतल्या शिक्षकांची शिफारस, चौथीतच होणारी जर्मन आणि गणिताची राज्यव्यापी चाचणी आणि पालकांची इच्छा, या तिन्हींपैकी दोन गोष्टी गिम्नाझियुमच्या बाजूने असाव्या लागतात. फक्त पालकांचीच इच्छा असेल, तर मुलाला एक वेगळी क्षमता-चाचणी द्यावी लागते.

तुमच्या मुलीची काळजी मी का करते, ते इथे लक्षात येईल. ती तिसरी संपवून सप्टेंबरमध्ये तिथे पोहोचेल. वयाच्या हिशेबाने तिला थेट चौथीत बसवले, तर नोव्हेंबरात चाचणी आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शिफारस, असे सगळे अवघ्या काही महिन्यांत येऊन ठेपेल, आणि तेव्हा तिला जर्मन नीट वाचताही येत नसेल. हुशार मूल केवळ भाषेमुळे खालच्या शाळेत जाण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. यावर उपाय एकच: तिला चौथीऐवजी पुन्हा तिसरीत बसवण्याची विनंती करावी. आपल्याकडे एक वर्ष मागे बसणे म्हणजे घरात सुतक लागल्यासारखे होते. तिकडे भाषेसाठी किंवा समज पक्की होण्यासाठी वर्ग पुन्हा करणे ही साधी बाब समजली जाते, मुलेही एकमेकांना त्यावरून चिडवत नाहीत. आजोबांना हे पटायला जड जाईल, पण त्यांना एवढे जरूर सांगा, की या एका वर्षाने मुलीची पुढची आठ-नऊ वर्षे सुकर होतील. आणखी एक गोष्ट घर घेण्याआधीच पाहावी लागते. प्राथमिक शाळा तिथे राहत्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे भाड्याने घर शोधताना त्या भागाची शाळा कोणती आणि तिथे नव्याने आलेल्या मुलांसाठी जर्मन शिकवण्याची काय व्यवस्था आहे, हे विचारूनच करार करावा.

मुलाकडे वळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला थेट नेहमीच्या वर्गात टाकत नाहीत. या राज्यात परदेशातून आलेल्या मुलांसाठी फोरबेराइटुंग्सक्लासे नावाचा पूर्वतयारी वर्ग असतो आणि मी अशाच वर्गावर काम करत होते. सुरुवातीला दिवसाचे बहुतेक तास जर्मनचे असतात. मग खेळ, संगीत, चित्रकला आणि गणित या विषयांसाठी मूल नेहमीच्या वर्गात जाऊ लागते, आणि एक ते दोन वर्षांत ते पूर्णपणे तिकडे सामावते. गणितात आपली मुले सुरुवातीला पुढे असतात, कारण आठवीपर्यंत आपला अभ्यासक्रम बीजगणितात त्यांच्याहून थोडा पुढे धावतो आणि पाढे, अपूर्णांक, आकडेमोड यांचा सराव आपल्याकडे पक्का करून घेतात. हा सराव मुलाला परक्या वर्गात ताठ मानेने बसवतो, म्हणून इंदूरच्या शाळेचे हे ऋण मी मोकळ्या मनाने मान्य करते.

पण थोड्याच दिवसांत एक अडचण उभी राहते आणि ती बहुतेक भारतीय पालकांना अनपेक्षित असते. तिथल्या गुणपत्रिकेतील श्रेणी केवळ लेखी चाचण्यांवर ठरत नाही. मुख्य विषयांना वर्षात किमान चार वर्गचाचण्या असतात आणि त्यांच्या जोडीला तोंडी सहभागाची श्रेणी असते. मुलाने हात वर केला का, दुसऱ्याच्या उत्तरात भर घातली का, फळ्यावर येऊन आपली रीत समजावली का, चुकीचे का होईना पण विचार करून काही मांडले का, हे शिक्षक आठवड्यागणिक टिपत असतात. लेखी आणि तोंडी यांचे प्रमाण काय असेल, हे शिक्षकाने वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावे लागते. इतिहास-भूगोलासारख्या विषयांत तोंडीचा वाटा मोठा असतो.

आमच्या वर्गातून गणितासाठी नेहमीच्या आठवीत गेलेला एक भारतीय मुलगा मला चांगला आठवतो. लेखी चाचण्यांत त्याला सलग 1 मिळत होते आणि तोंडी सहभागात 4. पालकसभेला तिथे प्रत्येक कुटुंबाला दहा मिनिटे नेमून दिलेली असतात आणि बाहेर दाराला वेळापत्रक लावलेले असते. त्या दहा मिनिटांत गणिताच्या शिक्षिका त्याच्या वडिलांना म्हणाल्या, "त्याला सगळे येते, हे मला फक्त चाचणीच्या दिवशी कळते. बाकी दिवस त्याचा वर्गाला काहीच उपयोग होत नाही." वडिलांना वाटले, मुलगा शांत बसतो, मधे बोलत नाही, ही तर कौतुकाची बाब. आपल्या शाळांत ती कौतुकाचीच असते. तिथे मात्र वर्गातले ज्ञान सगळ्यांनी मिळून उभे करायचे असते आणि गप्प राहणारा त्यातून आपला वाटा काढून घेतो, असे मानतात. शेवटी त्या मुलाने एक युक्ती केली. रोज घरून निघताना एका विषयात एकदा तरी हात वर करायचा असे ठरवायचे आणि संध्याकाळी आईला सांगायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्याची तोंडी श्रेणी 2 वर आली. तुमच्या मुलाला हे आजच सांगून ठेवा. व्याकरण चुकले तरी चालेल, पण बोलायचे.

प्रश्नपत्रिकेचे वळणही वेगळे असते. आपल्याकडे बारावीच्या मुलाला एखादे फलन देऊन त्याची कमाल किंमत काढायला सांगतात, आणि आपला मुलगा ती तीन मिनिटांत काढतो. तिकडे वरच्या वर्गात त्याच गणिताचा प्रश्न असा येतो: एका जलाशयात पाणी येण्या-जाण्याचा दर दाखवणारा आलेख दिलेला असतो, तोही सूत्राशिवाय. पाणी सर्वाधिक केव्हा असेल, आलेखाखालच्या क्षेत्रफळाचा या प्रसंगात अर्थ काय, आणि "दर कमी होऊ लागला तेव्हाच पाणी कमी होऊ लागले" हे कोणीतरी केलेले विधान बरोबर आहे का, ते कारण देऊन लिहा. आकडेमोड जवळपास नसते. सगळे गुण पूर्ण वाक्यांत लिहिलेल्या कारणमीमांसेला असतात. मी इंदूरच्या बारावीच्या मुलांना असे प्रश्न देऊन पाहिले आहेत. अवकलनात पटाईत असलेली मुले दर आणि साठा यांतच गोंधळतात, कारण अर्थ सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. उलट तिथली मुले साध्या समीकरणात चिन्हाची चूक करून बसतात आणि त्याचे त्यांना फारसे काही वाटत नाही. दोन्ही उणिवा खऱ्या आहेत. मात्र इथून गेलेल्या मुलाच्या हाती सराव आधीच असतो, त्यात अर्थाची भर पडली की त्याचे गणित दोघांपेक्षाही भक्कम होते, असा माझा अनुभव आहे.

गिम्नाझियुमच्या शेवटी आबिटुर ही परीक्षा असते, आणि आपल्या बारावीशी तिची तुलना करताना एक हिशेब समजून घ्यावा. आबिटुरचे एकूण गुण 900 असतात. त्यांतले 600 हे शेवटच्या दोन वर्षांच्या चार सहामाहींतल्या कामाचे असतात आणि फक्त 300 अंतिम परीक्षेचे. या राज्यात तीन विषयांची दीर्घ लेखी परीक्षा होते आणि दोन विषयांची तोंडी. उत्तीर्ण होण्यास किमान 300 गुण लागतात, आणि 823 किंवा अधिक मिळाल्यास 1.0 ही सर्वोच्च सरासरी मिळते. याचा अर्थ असा, की परीक्षेच्या दिवशी ताप आला, घरात दुःखद प्रसंग घडला, तरी मुलाचे दोन वर्षांचे काम कोणी हिरावून घेत नाही. याची दुसरी बाजूही आहे. वर्षभर ढिलाई करून शेवटच्या तीन महिन्यांत सगळे भरून काढण्याची जी सवय आपल्या मुलांना असते, ती तिथे चालत नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी स्पर्धा तिकडेही तीव्र आहे आणि आबिटुरच्या सरासरीला तिथे मोठे वजन असते. स्पर्धा तिकडे नसते, हा समज मनातून काढून टाकावा.

आता मुख्य शंकेकडे येते. चौदाव्या वर्षी भाषा न येता गेलेल्या मुलाला गिम्नाझियुम मिळाले नाही आणि रेआलशूले मिळाली, तर त्याचे भवितव्य संपले का? अजिबात नाही, आणि हे मी तिथे काम केल्यानंतर पूर्ण खात्रीने सांगते. रेआलशूले दहावीला मिटलरे राइफं या प्रमाणपत्रावर संपते. त्यात जर्मन, गणित आणि परकीय भाषा यांची सरासरी साधारण 3.0 पर्यंत असेल, तर मुलाला तीन वर्षांच्या व्यावसायिक गिम्नाझियुममध्ये जाता येते. तंत्रज्ञान, अर्थशास्त्र, जैवतंत्रज्ञान, माहितीशास्त्र अशा शाखा तिथे असतात, आणि शेवटी मिळते ते पूर्ण आबिटुरच. त्यावर कुठल्याही विद्यापीठात, कुठल्याही विषयाला अर्ज करता येतो. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये आबिटुर मिळवणाऱ्यांत या वाटेने येणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच मोठे आहे. गिम्नाझियुमला लागणारी दुसरी परकीय भाषाही या शाळांत अगदी पहिल्यापासून सुरू करता येते, आणि उशिरा पोहोचलेल्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. याशिवाय 2012 पासून या राज्यात गेमाइनशाफ्ट्सशूले नावाच्या एकत्रित शाळाही आहेत. तिथे एकाच वर्गातील मुले वेगवेगळ्या पातळीवर काम करतात आणि वर्गवारी पुढे ढकलली जाते. तुमच्या मुलासाठी मी पहिली चौकशी या शाळेची आणि जवळच्या रेआलशूलेची करीन. काही गिम्नाझियुममध्येही पूर्वतयारी वर्ग असतात. तसा जवळपास मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी हट्ट धरू नये.

रेआलशूलेनंतरची दुसरी वाट आउसबिल्डुंगची. तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण मराठी मध्यमवर्गीय घरांत हा शब्द ऐकताच तोंड वाकडे होते. ही कारखान्यात आणि व्यवसाय-शाळेत एकाच वेळी चालणारी प्रशिक्षणाची पद्धत आहे. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा आणि उरलेले दिवस प्रत्यक्ष काम, तेही करार करून आणि पगारावर. 2025 मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणांना पहिल्या वर्षी कायद्याने दरमहा किमान 682 युरो ठरलेले होते, आणि मोठ्या उद्योगांत याहून बरेच अधिक मिळतात. मेकाट्रोनिक्सचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. त्यातून पुढे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन उस्ताद कारागीर, झालेल्या माणसाला विद्यापीठातही प्रवेश घेता येतो. आपल्याकडे आयटीआय झालेल्या मुलाला पिथमपूरच्या कारखान्यात जे स्थान मिळते त्याच्याशी याची तुलना करू नये, कारण तिथे कुशल कारागिराच्या शब्दाला अभियंतेही मान देतात. तुमच्या यजमानांना हे कामाच्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात दिसेल. मुलाने या वाटेला जावेच असे मी म्हणत नाही, पण त्याला यंत्रे उघडून पाहण्याची आवड असेल तर ही वाट घरात बोलण्याच्या लायकीची आहे.

जर्मन पद्धतीतील अन्यायही सांगणे माझे कर्तव्य आहे. दहाव्या वर्षी मुलांची वाट ठरवणे मला कधीच पटले नाही. ज्या घरात पुस्तके आहेत, आई-वडिलांना जर्मन येते, शिक्षकांशी बोलायचे कसे हे त्यांना कळते, त्या घरचे मूल चौथीत वरच्या बाजूला जाते. स्थलांतरित कामगाराचे तितकेच हुशार मूल खाली राहते. पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2000 सालच्या फेरीचे निकाल आले तेव्हा घरची परिस्थिती आणि शाळेतील यश यांचा संबंध जर्मनीत किती घट्ट आहे हे सर्वांसमोर आले आणि देश हादरला. त्यानंतर बरेच बदल झाले, तरी प्रश्न सुटलेला नाही. आपणही त्यांना बोट दाखवण्याच्या स्थितीत नाही. भारतातून 2009 च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू ही दोन राज्ये उतरली आणि यादीच्या तळाशी राहिली, त्यानंतर आपण पुन्हा उतरलोच नाही. आपल्याकडेही मुलाचे यश बापाच्या खिशावर ठरते. फरक इतकाच, की तिकडे ते भाषेतून आणि संस्कारातून ठरते आणि इकडे कोचिंगच्या फीमधून.

मुलाला मागे ठेवण्याच्या पर्यायाकडे आता पाहू. आजी-आजोबांच्या मायेविषयी मला शंका नाही. पण नववी ते बारावी ही चार वर्षे मुलगा आई-वडिलांशिवाय, कोचिंगच्या धकाधकीत, उतारवयातल्या दोघांच्या जबाबदारीवर काढील. त्यानंतर तुमची मुदत वाढली आणि त्याला तिकडे बोलवायचे ठरले, तर तो तोवर अठरा वर्षांचा झालेला असेल आणि मूल म्हणून पालकांकडे येण्याचा व्हिसा त्याला मिळणार नाही. त्याला विद्यार्थी म्हणून यावे लागेल. आपल्या नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठात थेट प्रवेश नसतो. त्यासाठी इथल्या विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, किंवा जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते, किंवा तिथल्या श्टुडियेनकोलेगमध्ये एक वर्ष तयारी करून प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. राहण्याच्या खर्चाची हमी म्हणून गोठवलेल्या खात्यात वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, हा 2024 च्या सप्टेंबरपासूनचा आकडा आहे. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला 1500 युरो शुल्कही आहे. तिथेच आबिटुर केलेल्या मुलाला हे शुल्क लागत नाही. म्हणजे आज सुरक्षित वाटणारा पर्याय चार वर्षांनी सर्वांत महाग आणि सर्वांत अरुंद ठरतो.

तीन वर्षांनी परत यावे लागले तर काय, ही धास्ती मात्र रास्त आहे, आणि इथे नियोजन लागते. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी अशा जोड्या असतात. नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, त्यामुळे दहावीच्या किंवा बारावीच्या मध्यावर येऊन प्रवेश मिळवणे फार कठीण जाते. परत यायचेच असेल तर तिथली दहावी, म्हणजे मिटलरे राइफं, पूर्ण करून इथे अकरावीच्या सुरुवातीला यावे, नाहीतर आबिटुर करूनच यावे. मध्ये कुठेही परतू नये. दुसरी गोष्ट विषयांची. गिम्नाझियुमच्या वरच्या वर्गात मुलाला सगळी विज्ञाने घ्यावी लागत नाहीत, आणि बरीच मुले रसायन किंवा भौतिक सोडून देतात. नीटसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय लागतात, अभियांत्रिकीच्या जेईईला भौतिक, रसायन आणि गणित. भारतात परतून डॉक्टर होण्याची थोडी जरी शक्यता मनात असेल, तर विषय निवडण्याच्या दिवशी हे लक्षात ठेवावे. त्या दिवशी शाळेतले कोणीही तुम्हाला याची आठवण करून देणार नाही, कारण नीट म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नसते.

व्यवहाराच्या काही गोष्टी राहिल्या. तिथे शाळा सक्तीची आहे आणि घरी शिकवण्याची मुभा नाही. सुट्टी सुरू होण्याच्या दोन दिवस आधी स्वस्त तिकीट मिळते म्हणून मुलांना घेऊन इंदूरला निघालात, किंवा डिसेंबरातल्या लग्नासाठी दहा दिवस परस्पर घेतलेत, तर दंड होऊ शकतो. म्हणून घरातल्या कार्यांच्या तारखा तिथल्या सुट्ट्या पाहून ठरवायला नातेवाइकांना आतापासूनच सांगा. सरकारी शाळेला फी नसते. आंतरराष्ट्रीय शाळांचा पर्याय असतो, पण त्यांची फी डोळे पांढरे करते. कंपनी ती भरणार असेल आणि मुक्काम खरोखरच दोन-तीन वर्षांचा असेल, तरच त्याचा विचार करावा. भाषेविषयी एक सांगते, की घरी मराठीच बोलावे. आपली इंदूरची मुले घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशी वाढलेली असतात, चौथी भाषा त्यांना जड जात नाही. मोडक्या जर्मनमध्ये आईने मुलांशी बोलण्याने मुलांचे जर्मन सुधारत नाही, उलट मराठी मात्र निसटते.

मुलाची आठवी मार्चमध्ये संपेल आणि तिथले शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते. मधले पाच महिने नववीच्या पुस्तकांत न घालवता इंदूरमध्येच जर्मनच्या पहिल्या पातळीचा वर्ग लावावा, आणि मुलीलाही त्याच काळात अक्षरे आणि रोजची वाक्ये शिकवावीत. गेल्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद यांची प्रमाणित जर्मन भाषांतरे करून ठेवावीत. गोवराच्या लसीचा पुरावा तिथे 2020 पासून शाळेत दाखवावाच लागतो, म्हणून ते कार्ड हातातल्या बॅगेतच असू द्यावे. तिथली शाळांची कार्यालये जुलैच्या अखेरीस उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी बंद होतात. तेव्हा घराचा पत्ता नक्की होताच, जूनमध्येच, त्या भागाच्या प्राथमिक शाळेला आणि जवळच्या गेमाइनशाफ्ट्सशूलेला पत्र पाठवावे. मुलीच्या पत्रात तिला तिसरीत घ्यावे ही विनंती पहिल्याच वाक्यात लिहावी.